श्रुतिपेटीतला साप

चामराजपेटेतल्या कस्तुरीच्या घरी नवा पाहुणा आला की त्याला आधी बसायला खुर्ची मिळे आणि मग बघायला अर्धा मोर. मोर भिंतीवर काचेच्या चौकटीत होता, रेशमी धाग्यांनी भरलेला. मान, तुरा, डोळा अगदी जिवंत, आणि जिथे पिसारा सुरू व्हायचा तिथून पुढे कापड कोरं. पाहुणा "वा!" म्हणायला तोंड उघडे आणि तसाच थांबे.

"पिसारा राहिलाय," कस्तुरी न लाजता सांगे.

"राहिला कसला? वाळत घातलाय," सासूबाई सरस्वतीबाई आतून म्हणत.

चौकट करून आणली होती ती नवऱ्याने, संतोषकुमारने, निव्वळ थट्टेने. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिलेलं घर. चिकपेटेत साड्यांच्या फॉलचं आणि अस्तराचं दुकान. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. अशा घरात कस्तुरी सून म्हणून आली, आणि आल्यापासून तिने एवढ्या गोष्टी सुरू केल्या की त्यातल्या निम्म्या जरी तडीला गेल्या असत्या तरी तिचा कुठेतरी सत्कार झाला असता. एका बाहीचा स्वेटर झाला. गाण्याची शिकवणी झाली, बाईंनी वर्णम्‌ नावाची अवघड रचना सुरू करताच ती थांबली. गाडी चालवायला शिकून झाली, म्हणजे पुढे न्यायला. मागे घ्यायचा धडा राहिला, त्यामुळे ती गाडी अशाच ठिकाणी नेई जिथून वळसा घालून परत येता येईल. नवल असं की विमा कंपनीच्या ऑफिसात तिच्या टेबलावर संध्याकाळी एक कागद शिल्लक नसायचा. "तिथे साहेब असतो," असं स्पष्टीकरण तीच देई.

पन्नाशी उलटल्यावर तिची बदली देवनहळ्ळीच्या शाखेत झाली. मॅजेस्टिकच्या स्टँडवरून बस धरायची, आणि मग हेब्बाळ, येलहंका असं करत खिडकीशी बसून राहायचं. सुरुवातीला तिला वाटलं, बरं झालं, निवांत बसायला मिळेल. पण हातात फोन घेतला की फोन वाजायचा. सासूबाई विचारत, चिंच कुठे ठेवलीस. संतोषकुमार विचारी, गॅसवाला आला तर काय सांगू. ऑफिसातून विचारत, कुठवर पोचलात. एकदा फोनवर ती सापाचा खेळ खेळत होती, फळं खाऊन लांब होत जाणाऱ्या सापाचा. साप जवळजवळ पडदाभर झाला होता. नेमका तेव्हा नवऱ्याचा फोन आला आणि साप भिंतीवर आपटून मेला.

"काय हवंय?" ती एवढ्या जोरात म्हणाली की पुढच्या बाकावरचे दोघं मागे वळले.

"काही नाही," संतोषकुमार म्हणाला. "पोचलीस का विचारायला केला."

त्या दिवशी तिने ठरवलं की आपल्याला असं एक यंत्र हवं ज्यात खेळ असतील आणि माणसं नसतील.

असं यंत्र बाजारात मिळतं हे तिला ठाऊक होतं. पण वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मल्हार, पुण्याहून आलेला, आयटीतला, गच्चीवर कपडे वाळत घालताना सहज बोलून गेला. "काकू, विकत कशाला? लोक घरी बनवतात. सिंपल आहे. एक छोटा कॉम्प्युटर बोर्ड, एक स्क्रीन, चार बटणं, बॅटरी. कव्हर काहीही चालतं."

"काकू नको म्हणूस रे, अक्का म्हण," कस्तुरी म्हणाली. "काकू म्हटलं की गुडघे दुखतात."

रात्रीच्या जेवणाला तिने घरात जाहीर केलं. संतोषकुमारने भातावर सार वाढून घेतलं, कालवलं, एक घास खाल्ला आणि मगच विचारलं, "म्हणजे नुसतं डावीकडे जाणारं बनवणार का?"

सरस्वतीबाई एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. कस्तुरीही हसली. पण ताट उचलताना तिने मनाशी म्हटलं, थांबा तुम्ही दोघं.

पुढच्या शनिवारी ती एस. पी. रोडला गेली. नवऱ्याच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर हा रस्ता, पण इतक्या वर्षांत ती कधी तिकडे वळली नव्हती. जिथे बघावं तिथे तारा, फिती, पंखे, उघडी पोटं दाखवणारे संगणक. मल्हारने फोनवर पाठवलेली नावं तिने दुकानदाराला वाचून दाखवली. पत्त्यांच्या पाकिटाएवढा एक बोर्ड, त्याहून थोडा मोठा पडदा, मूठभर बटणं, सोल्डरिंगची लोखंडी कांडी आणि तिच्याबरोबर लागणारी चकचकीत तार. दुकानदाराने विचारलं, "मुलाच्या प्रोजेक्टला का, अम्मा?"

"माझ्या," कस्तुरी म्हणाली. दुकानदाराने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं आणि एक जादा बटण पिशवीत टाकलं.

सोल्डरिंग तिने रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर सुरू केलं. पहिल्याच दिवशी टेबलावरच्या फुलाफुलांच्या प्लास्टिकला एक गोल भोक पडलं. त्यावर तिने लोणच्याची बरणी ठेवली. संध्याकाळी संतोषकुमारने लोणचं घ्यायला बरणी उचलली, भोकातून टेबल पाहिलं, आणि काही न बोलता बरणी होती तिथेच परत ठेवली. कस्तुरीला त्याचं न बोलणं जास्त झोंबलं. तारा जोडणारे तिचे सुरुवातीचे डाग चिंचोक्याएवढे जाड आले होते. मल्हारने फोनचा दिवा लावून ते पाहिले आणि म्हणाला, "अक्का, स्ट्राँग आहेत. भूकंप आला तरी हे राहतील." मग त्याने हळूच दाखवलं की तीन वेगवेगळ्या तारा एकाच डागात अडकल्यात.

खरी पंचाईत कव्हरची झाली. तिने आधी साबणाचा प्रवासी डबा घेतला, तर बटणं इतकी जवळ आली की एक दाबलं की तीन दाबली जात. मग घेतला जेवणाचा स्टीलचा डबा. तो तिला फार पसंत होता, कडी लावून कुठेही नेता आला असता. सगळं आत बसवून तिने बॅटरी जोडली. तारा स्टीलला टेकल्या, एक ठिणगी उडाली, जळका वास आला आणि बोर्ड कायमचा गप्प झाला. ती पुन्हा एस. पी. रोडला गेली. दुकानदाराने जळका बोर्ड उलटासुलटा केला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "अम्मा, स्टीलमध्ये सांबार ठेवा."

बसमधून घरी येताना तिला वाटलं, आता पुरे. हे वाटणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. मोराच्या वेळी वाटलं होतं, वर्णमच्या वेळी वाटलं होतं, आणि दर वेळी ते एखाद्या मऊ उशीसारखं यायचं. घरी येऊन ती नवा बोर्ड पिशवीसकट कपाटावर टाकायला गेली. कपाटावर तिची जुनी श्रुतिपेटी होती.

ही श्रुतिपेटी गाण्याच्या शिकवणीच्या काळातली. हातपेटी नव्हे, विजेवर चालणारी. लहानशा ट्रान्झिस्टरएवढी, गाणाऱ्याच्या मागे तंबोऱ्यासारखा सूर धरून ठेवणारी. पुढे जाळीचा स्पीकर, दोन गोल खटके, वर धरायला मूठ. एकदा माळ्यावरून पडली आणि मुकी झाली, तेव्हापासून सरस्वतीबाई तिच्यावर आपला चष्मा ठेवीत. कस्तुरीने चष्मा बाजूला केला आणि पेटी हातात घेतली. प्लास्टिकची होती. पोकळ होती. स्पीकर होता. मूठसुद्धा होती. तिने खुर्ची ओढली आणि तिथेच पेचकस शोधायला बसली.

सरस्वतीबाईंनी हे पाहिलं तेव्हा पेटीची आतडी टेबलावर पडली होती.

"अगं, सूर देणारी वस्तू ती! तिच्यात साप सोडणार?"

"अत्ते, ती सूर देत नाही. चष्मा सांभाळते." सासूला ती कानडी वळणाने अत्ते म्हणे.

"ते मला माहीत नाही. साप घाल, विंचू घाल. पण पेटी म्हटली की त्यातून सूर आला पाहिजे."

अट ऐकून मल्हारला उलट हुरूपच आला. त्याने बोर्डात सुराचं रेकॉर्डिंग टाकलं आणि खेळही टाकले. उजव्या खटक्याला दोन घरं ठेवली. पहिल्या घरावर सूर, दुसऱ्या घरावर खेळ. आवाजाचा खटका दोन्हीला एकच. पडद्यासाठी पेटीच्या माथ्याला कापून खिडकी पाडायची होती, ती कस्तुरीने तापलेल्या सुरीने पाडली आणि चांगलीच वाकडी पाडली. मग दुकानातून जरीची काठपट्टी आणून तिने खिडकीच्या चारी बाजूंना चिकटवली. यंत्राला साडीचा काठ आला. संतोषकुमारने काठ बोटाने चाचपला. "ही पट्टी सुटायची नाही," एवढंच तो म्हणाला. त्याच्या तोंडून मालाची तारीफ निघाली म्हणजे त्याला आवडलं होतं.

एका रविवारी ते यंत्र चालू झालं. पडदा उजळला, साप सरपटू लागला, स्पीकरमधून किणकिण वाजू लागली. कस्तुरीने डावीकडचं बटण दाबलं. साप उजवीकडे वळला. उजवीकडचं दाबलं, तर डावीकडे.

"तारा उलट लागल्यात," मल्हार म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे, उघडा."

कस्तुरीने पेटी पोटाशी धरली. "नको. उघडली तर पुन्हा मिटायची नाही, मी मला ओळखते. मी उलटं शिकते."

आणि ती शिकली. संतोषकुमारने पेटी फिरवून फिरवून सगळीकडून पाहिली. "काय राहिलंय यात?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"पण डावं उजवं—"

"ते तसंच आहे."

त्याने स्वतः खेळून पाहिलं. साप लागलीच भिंतीवर आदळला. पुन्हा खेळला, पुन्हा आदळला. चहा निवेपर्यंत तो खेळत राहिला. मग पेटी परत देत म्हणाला, "माझ्या आयुष्यात तू पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलंस, आणि ते फक्त तुलाच चालवता येतं." हे बोलताना त्याचा चेहरा मात्र लग्नात नवं उपरणं घेऊन फोटो काढून घेताना होता तसा झाला होता. कस्तुरीने ते पाहिलं आणि निवलेला चहा पुन्हा गरम करायला गेली.

सगळं तिथेच राहिलं असतं, पण गुरुवारचं भजन आलं.

समाजाच्या हॉलमध्ये मराठी बायकांचं भजनी मंडळ जमे. प्रमुख जमनाबाई, वयाने सगळ्यांत मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या. त्या गुरुवारी मंडळाची श्रुतिपेटी सुरू होईना. कुणी ती थोपटली, कुणी हलवली. एवढ्यात सरस्वतीबाई म्हणाल्या, "आमच्याकडे आहे की. आमच्या कस्तुरीने स्वतः दुरुस्त केलीय."

कस्तुरी ऑफिसातून थेट तिथे आली होती. पेटी तिच्या पर्समध्येच होती. पण "आमच्या कस्तुरीने" हे शब्द सासूबाईंनी चारचौघींत इतक्या ऐटीत उच्चारले होते की त्यांना मोडता घालायला तिची जीभ उचलेना. तिने पेटी काढली, खटका पहिल्या घरावर आणला आणि पेटी जमनाबाईंच्या पुढ्यात ठेवली. पडद्यावर तिने हातरुमाल टाकला.

सूर लागला. गंभीर, भरदार सूर. दोन भजनं सुरेख झाली. कस्तुरीचा जीव हळूहळू भांड्यात पडू लागला. तिसऱ्या भजनाला जमनाबाईंना चढा सूर हवा होता. "अर्धी पट्टी वर," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला आणि कुणाला काही कळायच्या आत उजवा खटका एक घर पुढे सरकवला.

भजनासाठी आवाज पूर्ण मोठा केलेला होता. खेळाची किणकिण हॉलभर घुमली. रुमालाखाली हिरवा उजेड पडला. कस्तुरी झेपावली, पण तिच्या हाताचा धक्का बटणाला लागला आणि साप निघाला. दोन फळं खाऊन, पीं असा लांब आवाज करून तो मेला. टाळ थांबले. मृदंग वाजवणारीचा हात वरच राहिला.

"हे काय आहे?" जमनाबाईंनी विचारलं.

"साप," कस्तुरी म्हणाली.

"भजनात?"

सगळ्यांनी सरस्वतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "मी म्हटलं तिने दुरुस्त केलीय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आत काय ठेवलंय ते कुणी विचारलं नाही. आणि साप काही चावत नाही, जमनाबाई. म्हणा पुढे."

जमनाबाईंनी पेटी बंद करायला लावली. उरलेली भजनं पाठीमागच्या सुराशिवाय झाली. कुणी वर, कुणी खाली, कुणी मधेच कुठेतरी. आरतीनंतर केसरीभाताचे, म्हणजे केशरी शिऱ्याचे, द्रोण हातात आले तशा एकेक बायका कस्तुरीजवळ सरकू लागल्या. "स्वल्प बघू," "मी एकदाच," असं करत पेटी हातोहात फिरली. एकीचाही साप धड चालला नाही. डावीकडे वळवावं तर उजवीकडे, आणि दर आदळण्याला हसण्याची लाट. जमनाबाई बाजूला बसून द्रोण संपवत होत्या. निघताना त्यांनी कस्तुरीला बोलावलं.

"सूर कुठून आणलास?"

"वरच्या मुलाने टाकला, अक्का."

"सूर चांगला आहे. मंडळाला एक करून दे. साप नको. आणि पट्टी वर करायची सोय पाहिजे."

"सरी, देते करून, अक्का," कस्तुरी म्हणाली, आणि म्हणून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण दुसरं काम अंगावर घेतलंय.

रिक्षात सासूबाई बाहेरची दुकानं बघत बसल्या होत्या. कस्तुरीला वाटलं, आता घरी जाऊन ऐकावं लागणार. नॅशनल कॉलेजचा चौक गेला, सिग्नल लागला. तेव्हा सरस्वतीबाई म्हणाल्या, "त्या जमनाबाईची पट्टी मला कधी झेपत नाही. इतकी वर्षं मी नुसते ओठ हलवते. आज मागे काही नव्हतं, तर माझ्या गळ्याला येईल तसं गायले."

"मी ऐकलं, अत्ते."

"कसं होतं?"

कस्तुरीने मांडीवरची पर्स सरळ केली. "मोठं होतं," ती म्हणाली.

सासूबाई हसल्या आणि त्यांनी रिक्षावाल्याला उगाचच सांगितलं, "अण्णा, हळू चालव, घाई नाही."

मंडळाची पेटी कस्तुरीने सुरू केली आहे. तिचा पेचकस अजून टेबलावर असतो आणि लोणच्याची बरणी हल्ली दोन भोकं झाकते. ती पेटी केव्हा होईल हे घरात कुणी विचारत नाही. तिची स्वतःची मात्र रोज देवनहळ्ळीला जाते आणि येते. फोन पर्सच्या तळाशी, पेटी मांडीवर.

मधे एका सकाळी साप असा काही लांबला की पडद्यावर रिकामी जागा शोधावी लागत होती. कस्तुरी पडद्यावर वाकली होती. अखेर तो स्वतःच्याच शेपटीवर आदळला तेव्हा तिने मान वर केली. बाहेर देवनहळ्ळीचा किल्ला नव्हता, ऑफिस नव्हतं, द्राक्षांच्या बागा होत्या आणि समोर डोंगर. देवनहळ्ळी कधीच मागे पडलं होतं आणि बस पुढच्या चिक्कबळ्ळापूरच्या स्टँडमध्ये शिरत होती.

"अय्यो!" ती म्हणाली.

"अय्यो!" तिच्या शेजारची बाईही म्हणाली.

कस्तुरीने वळून पाहिलं. हातात फुलांची करंडी घेतलेली, तिच्याच वयाची बाई होती. तिलाही देवनहळ्ळीलाच उतरायचं होतं. येलहंक्यापासून ती कस्तुरीच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती, आणि शेवटी शेवटी तर तिने कस्तुरीचा दंडही धरला होता. दोघींपैकी एकीलाही ते कळलं नव्हतं.

दोघी उतरल्या. स्टँडवर एकीने द्राक्षं घेतली, दुसरीने ती नळाखाली धुतली. परतीची बस लागली तेव्हा फुलवाल्या बाईने खिडकीची जागा कस्तुरीला देऊ केली, करंडी पायाशी नीट लावली आणि कन्नडमध्ये विचारलं, "ते डावं बटण दाबलं की उजवीकडे का जातं, अक्का?"

"बस," कस्तुरी म्हणाली, "सांगते." आणि तिने पर्सची चेन उघडली.